गुलाबी स्विच

"मुका नोका घेऊ, ताई," भीमराज म्हणाला होता. "वाजणारा घ्या."

प्रेरणा हसली होती. कीबोर्ड तिचा, टाइप करणार ती, आवाजानं दचकणारं लेकरूही तिचंच. आणि सल्ला कोण देतोय तर भिंतीपलीकडचा माणूस, ज्यानं जन्मात कधी कीबोर्डाला हात लावला नव्हता. ती मनापासून हसली होती, त्यात खोट नव्हती. पण त्याचं म्हणणं तिनं कानामागं टाकलं ते टाकलंच.

लोहाऱ्याला एमआयडीसीच्या मागे टिनाच्या छपराच्या पाच खोल्यांची रांग आहे. चौथ्या खोलीत प्रेरणा किरायानं राहायची आणि शेवटच्या खोलीत भीमराज आणि त्याची बायको ममता. मधली भिंत एका विटेची. प्रेरणाचा नवरा नयन राजूरला कोळशाच्या खाणीवर कंत्राटी कामाला. रविवारी यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत एसटी धरायचा. उरलेले सहा दिवस खोलीत दोघीच, ती आणि आठ महिन्यांची उर्वशी. प्रेरणा बी.ए. झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पास. बबनराव त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानातून तिला घरी काम द्यायचे. कधी वकिलाचा अर्ज, कधी एखाद्या प्राध्यापकाचा जाडजूड प्रबंध. टाइप करता करता ती मध्येच उठायची, उर्वशीच्या नाकापुढं बोट धरायची, श्वास लागला की परत येऊन बसायची. दहा मिनिटांनी पुन्हा. नयन म्हणायचा, "अवं, तुह्या बोटानंच उठन ती." तरी ती उठायचीच.

भीमराजचे डोळे बोंडअळीच्या साली गेले. त्या हंगामात तो रोजानं दुसऱ्याच्या वावरात फवारणी करत होता. पाठीवर पंप, समोर डोक्याच्या वर गेलेली कपाशी आणि वारा तोंडावर. आठ दिवस दवाखान्यात काढून माणूस वाचला, पण उजेड आणि सावली एवढंच दिसत राहिलं. मग ममतानं कापसाच्या जिनिंगमध्ये काम धरलं. सकाळी आठला निघताना ती प्रेरणाच्या दारात डोकवायची आणि रोज एकच वाक्य बोलायची.

"ताई, लक्ष असू द्या बरं यायच्याकडं."

"आहे न, तू जा."

आणि लक्ष होतंच. लक्ष ठेवणं हा तर तिचा स्वभावच.

पहिला कीबोर्ड बबनरावांनीच दिलेला. कुठल्याशा कचेरीच्या लिलावात निघालेला, पाट्यासारखा जड, रंगानं पिवळट पडलेला. वाजायचा तर असा, की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं आत कोणी सुपारी कातरतंय. भीमराज भिंतीला खाट लावून ऐकत बसायचा. संध्याकाळी सगळे ओट्यावर आले की म्हणायचा, "आज वकिलाचं होतं न?"

"तुमाले कसं कळलं, दादा?"

"हाणून राह्यलत्या न रागानं. प्रोफेसरचं असलं की तुमी अशा चालता, मलेच झोप लागते."

ममता भाकरीचं पीठ मळता मळता म्हणायची, "दिवसभर बाईच्या बटणायचा हिशेब ठेवते हा माणूस. मी काम करते त्याचा नाही ठेवत."

"तुह्या कामाचा आवाज कुठी येते इथवर?"

दुपारी त्याला करमेनासं झालं की तो स्टीलच्या गिलासानं भिंतीवर एकदा ठोकायचा. आहात का, एवढंच त्याचं विचारणं. प्रेरणाचे हात कामात असायचे आणि तोंडानं ओ द्यावी तर उर्वशी उठायची. म्हणून ती स्पेसबार तीनदा दाबायची. त्या जुन्या कीबोर्डचा स्पेसबार ढब्ब वाजायचा, बाकीच्या कळांहून वेगळा. तीन ढब्ब म्हणजे आहे. मग स्क्रीनवरची मोकळी जागा पुसायची आणि काम पुढं. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. एक दिवस झालं, दुसऱ्या दिवशी झालं, आणि होतच राहिलं.

जुना कीबोर्ड श्रावणात बसला. आधी च उठेना, मग ज. बबनराव म्हणाले, "आता मेकॅनिकलच घ्या, पोरी. एक डाव घेतला की दहा वर्षं पाहाचं काम नाही. कळांखालचे स्विच निवडा तेवढे." त्यांनी स्विचचा नमुना मागवून दिला. तळहातात मावेल एवढी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर चार रंगांची चार बटणं. प्रेरणानं ती उर्वशीला कडेवर घेऊन भीमराजच्या ओट्यावर नेली. दुसरं कोण होतं दाखवायला?

त्यानं बोट ठेवलं. टिक्.

"हा निळा," ती म्हणाली.

"निळा? मंग आपलाच हाय. दुसरे पाहाचं कामच नाही."

"अहो दादा, सगळे बघा तरी."

त्यानं दुसरा दाबला. "याच्यात मधात गाठ लागते. बोंडातून कापूस ओढताना नखाले काडी लागते तशी. रंग कोनता?"

"तपकिरी."

"बरोबर हाय, काडीचाच रंग." तिसऱ्यावर बोट सरळ खाली गेलं, तळाला टेकलं तेव्हा कुठं थोडं वाजलं. "हा लाल असन."

"कसं ओळखलं?"

"ठोकून पाह्यला अंदाज." मग त्यानं चौथा दाबला, पुन्हा दाबला, कान पट्टीजवळ नेऊन पुन्हा दाबला. "हा बिघडला वाटते."

"बिघडला नाही. हा सायलेंट आहे. आत रबर असतं. गुलाबी."

भीमराजनं बोट असं काढलं की जणू काही चावलं. "गुलाबी अळीनं अख्खं रान खाल्लं, ताई. आता हा तुमचा कीबोर्ड खाईन."

तेव्हाच तो ते बोलला होता, मुका घेऊ नका म्हणून. "वाजलं नाही त मले समजन कसं, तुमी हाव का नाही ते?"

"दादा, उर्वी झोपतच नाही हो. खट् झालं की उठते. तुम्ही ठोका न, मी ओ देईन तोंडानं."

"द्यान?"

"देईन म्हटलं न."

त्यानं पट्टी परत दिली. देताना निळं बटण एकदा टिक् करून पाहिलं.

गुलाबी स्विचचा कीबोर्ड आला. प्रेरणानं त्याच्याखाली दुपटं घडी करून घातलं. आवाज म्हणाल तर बोटांच्या कातडीचा, तेवढाच. उर्वशी पहिल्या दिवशी दीड तास झोपली, दुसऱ्या दिवशी दोन. प्रेरणाला आपल्या निवडीचं इतकं बरं वाटलं की तिनं नयनला फोनवर दोनदा सांगितलं. एक मात्र झालं. दुपारी खोलीत इतकं शांत व्हायचं की तिला स्वतःचाच संशय यायचा. आपण बसलोय खरे, पण कोणाला ठाऊक आहे?

भीमराज संध्याकाळी विचारायचा, "काल नोत्या का दुपारी?"

"होते की."

"हं," म्हणायचा.

एक-दोनदा त्यानं ठोकलं तेव्हा तिनं आठवणीनं भिंतीला तोंड लावून "आहे दादा" म्हटलं. एकदा त्या आवाजानं उर्वशी उठली. मग त्याचं ठोकणंही कमी झालं.

दिवाळी उलटल्यावरची गोष्ट. उर्वशीचे दात येत होते, अंग कोमट होतं, दीड तास खांद्यावर फिरवल्यावर ती झोपली. प्रेरणा प्रबंध घेऊन बसली. आठवड्याभरात द्यायचा होता. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेर आरडाओरडा झाला, बायांचे आवाज आले. ती दारात आली तर नळाच्या पाइपासाठी खणलेल्या नालीभोवती माणसं जमलेली आणि नालीत भीमराज. एक पाय नको त्या बाजूला वळलेला.

"गॅस," तो म्हणत होता. "आधी गॅस पाहा कोणी."

ती त्याच्या खोलीत धावली. चहा उतू जाऊन शेगडी विझलेली, वास कोंडलेला. तिनं रेग्युलेटर बंद केला, दार खिडकी उघडली आणि मग ती आपल्या खोलीकडं धावली. भिंतीच्या पलीकडं उर्वशी झोपलेली होती.

दवाखान्यात तिनं विचारलं, "दादा, मला का नाही बोलावलं?"

"ठोकलं न एक डाव. वाट पाह्यली. वाटलं, बबनरावकडं गेल्या असान. रेग्युलेटर फिरेना माह्याच्यानं, ममतानं नवा बसवला तो. म्हटलं पानठेल्यावरून कोणी आणतो."

"मला ऐकूच नाही आलं," ती म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

"जाऊ द्या. लेकरू बरं हाय न?"

त्यानंतर ममता कधी लक्ष असू द्या म्हणाली नाही. भीमराजच्या कमरेचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी तीन महिने उठू नका सांगितलं, आणि ममतानं तीन महिने घरी बसून चालणार नव्हतं. भीमराजची आई मथुराबाई महागाव तालुक्यात फुलसावंगीला राहायची. त्याला तिकडं न्यायचं, आई त्याच्याजवळ बसेल आणि ममता तिकडंच मजुरी धरेल, असं ठरलं. टेम्पोत खाट चढली, भांडी चढली. भीमराज म्हणाला, "येतो ताई." प्रेरणा म्हणाली, "फोन करा." पाचव्या खोलीला कुलूप लागलं.

प्रबंध ती त्याच आठवड्यात तपासायला बसली. एकशे बारावं पान, त्या दिवशी अर्धवट राहिलेलं. वाक्य साधंच होतं, विहिरींच्या पाण्याच्या पातळीबद्दल. "पातळी" आणि "खालावली" या दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होती. एक नाही, जास्तीची तीन.

तिनं फाइल शेवटची कधी साठवली ती वेळ पाहिली. त्याच दिवशीची, दुपारची, तीनला दहा कमी.

म्हणजे तिला ऐकू आलं होतं. तिच्या बोटांना आलं होतं. मान वर न करता, विहिरींच्या पाण्यातून बाहेर न येता, तिनं रोजच्यासारखं उत्तर दिलं होतं, मी आहे, मी आहे, मी आहे. आणि कीबोर्डनं त्यातलं एकही पलीकडं जाऊ दिलं नव्हतं.

तिनं ममताचा नंबर लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. महिनाभरानं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. नयन म्हणाला, "सीम बदललं असन. रविवारी जाऊन येऊ." पण रविवार एकच आणि त्यात त्याची झोप, उर्वशीचं लसीकरण, महागावची लांबची एसटी. सांगायचं तर एवढंच होतं, की दादा, मी ओ दिली होती. ते सांगितल्यानं हाड जुळणार नव्हतं. पण आपण हाक मारली आणि कोणीच नव्हतं, असं समजून तो माणूस तिकडं खाटेवर पडलाय, हे तिला सहन होईना.

बबनरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, या कीबोर्डचे स्विच काढून दुसरे बसवता येतात. तिनं त्यांच्याकडून एकच निळा स्विच मागून आणला. चिमट्यानं स्पेसबारखालचा गुलाबी उपसला, निळा दाबून बसवला. बाकीच्या सगळ्या कळा मुक्या, एक तेवढी बोलकी. उर्वशी पहिल्या टिक्ला दचकली, आठ दिवसांत तिला सवय झाली. सवय होणारच होती. निळाच घेतला असता तरी झाली असती.

आता दुपारी काम करता करता ती थांबते. तीनदा दाबते. भिंतीकडून काही येत नाही.

परवा ज्या संकेतस्थळावरून कीबोर्ड मागवला त्यांचा संदेश आला, उत्पादनाबद्दल आपलं मत लिहा. प्रेरणानं चार तारे दिले आणि लिहिलं:

"कीबोर्ड चांगला आहे. बोटं दुखत नाहीत. सायलेंट स्विच खरंच सायलेंट आहेत, लेकरू झोपतं. पण घ्यायच्या आधी विचार करा, तुमच्या आवाजाच्या भरवशावर घरात किंवा भिंतीपलीकडं कोणी बसलेलं आहे का. असेल तर स्पेसबारला तरी निळा बसवा.

हे वाचणारं कोणी महागाव तालुक्यातलं असेल तर एक काम करा. फुलसावंगीला मथुराबाईंचं घर विचारा, त्यांचा मुलगा भीमराज, डोळ्यांनी दिसत नाही, कमरेला मार आहे. तो कसा आहे ते बघून या. लोहाऱ्याच्या ताईनं त्या दिवशी उत्तर दिलं होतं, तीनदा दिलं होतं, एवढं त्याच्या कानावर घाला. आणि दार एकदा ठोकून उत्तर आलं नाही तर घरी कोणी नाही असं समजून परत फिरू नका. आत जाऊन बघा."