सरावाचा कागद

"प्रश्न एकवीस. नवऱ्याने तुम्हाला कधी मारलं आहे का?" ताईने कागदावरून वाचलं.

"हो," धाकटी म्हणाली. "परवाच. कानाखाली."

"दुखापत?"

"डाव्या कानाने ऐकू येत नाही तेव्हापासून."

"अगं बाई, काय नाटक करतेस! आता रडशील की काय?" ताई हसली. मग धाकटीही हसली.

एका पाहणीत सात देशांतल्या बायकांना हेच प्रश्न विचारले जाणार होते. ताईला सोमवारपासून दारोदार फिरायचं होतं. त्याआधी घरच्याच कुणाला तरी विचारून हात बसवायचा, उत्तरं खोटी असली तरी चालतील, असं ऑफिसात सांगितलं होतं. धाकटीच मागे लागली होती, मला विचार, मला विचार म्हणून.

ताई कामात तरबेज निघाली हो. तीन वर्षांत अकराशे बायका तिच्याशी बोलल्या. मध्येच त्या बाईचा नवरा घरात आला, की ही पान उलटून मुलांच्या लसींबद्दल विचारू लागायची, चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. बाईच्या नुसत्या दार उघडण्यावरून हिला सगळं कळतं, असं ऑफिसात म्हणायचे. आणि घरी? भेटायला आलेल्या धाकटीने हाकेला ओ दिली नाही, की ही तिला "ए बहिरे!" म्हणून चिडवायची. घरच्या माणसाकडे इतकं निरखून बघतंय कोण!

मग परवा दुपारी धाकटी सासरहून निघून दारात येऊन उभी राहिली. एक पिशवी, आणि हात प्लास्टरमध्ये.

"मला एका शब्दाने सांगायचं तरी होतंस!" ताई कळवळून म्हणाली.

"सांगितलं होतं की. तुझ्या त्या कागदावर."

ताईने कपाट उपसलं. कागद मिळाला. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'सराव. मोजणीत धरू नये.' खाली शेऱ्याच्या जागी तिचंच सुवाच्य अक्षर होतं: 'उत्तरं फार पटापट दिली. खरी बाई इतक्या सहज सांगणार नाही.'

कागद हातात घेऊन ती धाकटीशेजारी येऊन बसली.

"चुकलं गं माझं," ती हळूच म्हणाली.

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. ताई तिच्या डाव्या बाजूला बसली होती.

मग ताई उठली, खुर्ची उचलून उजवीकडे नेली, आणि पुन्हा म्हणाली.