भीमाबाईच्या मडक्यातलं पाणी

भीमाबाईला पाहुण्यांची भारी हौस. त्यातून पाहुणा सरकारी असला की विचारूच नका! नागपूरहून प्रीती मॅडम विहीर तपासायला येणार, असा निरोप आला तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. सकाळीच मैलभर लांबच्या हापशीवर जाऊन तिनं घागर भरून आणली आणि घासून ठेवलेल्या मडक्यात ओतली. गुडघे बोंबलत होते. बोंबलू देत, म्हणाली.

पण तिला खरा घोर होता तो वेगळ्याच गोष्टीचा. कोळशाच्या वीज केंद्राचा राखेचा तलाव वस्तीच्या मागंच होता. त्यातलं पाणी मुरून विहिरीत उतरतं, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत शिजत नसे, आणि बादली घटकाभर ठेवली की तळाशी राखाडी गाळ. सरकारी कागदावर मात्र तीनदा आलं होतं, पाणी पिण्यालायक. आता तोच तलाव वाढवून वस्तीच्या कुंपणापर्यंत आणायचं चाललं होतं, आणि परवानगी द्यायची की नाही, हे सरकार या चौथ्या तपासणीनंतर ठरवणार होतं. परवानगी मिळाली की विहीर गेली, आणि विहिरीमागं वस्तीही.

"मेले खोटं लिवतात," असं म्हणत भीमाबाई तीन वर्षं त्या कागदांना शिव्या घालत होती.

प्रीती आली. नागपुरातल्या जरीपटक्याची, तिशीतली पोरगी, हातात नमुने ठेवायचा बर्फाचा डबा. भीमाबाईनं खाट टाकली आणि पेलाभर पाणी दिलं.

"पी वं माय, उन्हाची आली."

प्रीतीनं एका दमात पेला रिकामा केला. "वा आजी, किती गोड पाणी!"

"मंग! आन तुयी बाटली, वाटेसाठी भरून देते." भीमाबाईनं डब्यातल्या रिकाम्या बाटलीकडं हात नेला.

"ती नको आजी. ती विहिरीच्या पाण्यासाठी आहे."

"मागचे तपासणीवाले सायेब तं अशीच बाटली देत. खाटेवर बसत, चहा घेत, अन् म्हणत, बाई, भरून आणा. म्या भरून दिली."

प्रीती सावध झाली. "कुठून भरलीत?"

"या मडक्यातून. हापशीचं पाणी."

"विहिरीचं नाही?"

"काहून वं? पाहुण्याले काय राख पाजाची?"

प्रीतीनं कपाळावर हात मारला. "आजी, ती बाटली त्यांना प्यायला नव्हती हो. तेच पाणी तपासलं. तिन्ही वेळा!"

भीमाबाई मटकन खाली बसली. ज्या कागदांच्या नावानं ती खडे फोडत होती, ते तिच्याच मडक्यातून निघाले होते. तिला रडूच कोसळलं.

"माह्या मायले लोक वरून ओंजळीत पाणी ओतत. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेऊन आली, तवा म्हणे, आता आपल्या दारी जो येईन त्याले आपल्या हातचं पाणी देऊ, सगळ्यात चांगलं. मी तेच केलं वं. माह्याच हातानं वस्ती बुडवली का मी?"

प्रीती संतापली होती, पण खाटेवर बसून बाटली पुढं करणाऱ्या त्या साहेबावर. "चूक तुमची नाही. विहिरीवर जाऊन पाणी आमच्याच माणसानं काढायचं असतं. उठा, चला."

विहिरीवर प्रीतीनं स्वतः बादली सोडली. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळली.

"पदरानं गाळून तं घे जरासं," भीमाबाई कळवळली.

"नाही आजी. जसं आहे तसंच."

मळकट पाणी बाटलीत शिरलं तेव्हा भीमाबाईनं लाजेनं तोंड फिरवलं. पण साक्षीदार म्हणून सही मात्र तिनं ठसठशीत केली.

महिन्यानं नागपुरात सुनावणी झाली. वीज केंद्राचा माणूस ऐटीत म्हणाला, "तीन अहवाल चांगले, एकच खराब. कोणता धरायचा?" समोरचे मोठे साहेब फाइल चाळू लागले. प्रीती उठणार, तोच भीमाबाई उभी राहिली.

"सायेब, त्या तीन बाटल्या माह्या मडक्यातल्या होत्या. पाहुण्यासाठी भरल्या होत्या. चूक माही हाय."

सभागृह खो खो हसलं. तिनं पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "हे पाहुण्याचं पाणी. अन् हे आमचं."

दुसऱ्या बाटलीच्या तळाशी बोटभर राख बसली होती. हसणं थांबलं.

"हे तुम्ही पिता?" साहेबांनी विचारलं.

"रोजचं हापशीवरून आणणं या गुडघ्यानं होत नाई सायेब. पितो."

साहेबांनी ती बाटली उचलून उजेडाकडं धरली. मग त्यांनी हुकूम लिहायला घेतला. तलाव वाढवायचा नाही. आहे त्या तलावाचा तळ पक्का करायचा, आणि तोवर वस्तीला नळानं पाणी द्यायचं. प्रीतीनं जवळ येऊन भीमाबाईचा हात गच्च दाबला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

सही झाल्यावर साहेबांनी स्वच्छ पाण्याची बाटली उचलली. "आजी, ही मी घेऊ?"

"घ्या ना सायेब, तुमच्यासाठीच आणली," भीमाबाई म्हणाली. "फक्त तपासाले पाठवू नोका."