मुकी झडती

जयवंता वर्ध्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची. माणसाच्या झोपेवरही पहारा बसवणाऱ्या सरकारांची इंग्रज लेखकांनी कादंबऱ्यांतून उडवलेली टर ती अशी रंगवून सांगायची की पोरं बाकं बडवत हसायची. आणीबाणी लागली तरी तिनं एक पान गाळलं नाही. त्याचा तिला कोण अभिमान! प्राचार्य रूपराव मात्र पान चघळत म्हणाले, "शिकवा ना बाई बिनधास्त. इंग्रजीतली टिंगल कोणाले समजते? मराठीत तेवढं तोंड उघडू नका, नोकरी जाईन." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घर तिच्याच पगारावर चालायचं, म्हणून गप्प बसली.

पोळ्याला ती अल्लीपूरला वडिलांकडे आली. नत्थूजी झडत्यांत, म्हणजे पोळ्याच्या टोमणेबाज गाण्यांत, पटाईत. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडती म्हणायची, पाटलापासून मंत्र्यापर्यंत कोणाचीही सालटी काढायची आणि गावानं 'हर हर महादेव' म्हणत ती उचलून धरायची, ही बापजाद्यांची रीत. यंदाची झडती त्यांनी सकाळीच लेकीला ऐकवली. ती खळखळून हसली आणि लगेच घाबरली.

"बाबा, हे नका म्हनू. तोरनापाशी ठान्याचा जमादार बसनार हाय. माही नोकरी जाईन."

"तू त कॉलेजात हेच शिकवतं ना वो?"

"ते इंग्रजीत हाय."

नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले. जयवंताला स्वतःचीच चीड आली.

संध्याकाळी त्यांची पाळी आली. नत्थूजींनी बैलांपुढे उभं राहून हात वर केला आणि एक अक्षर बोलले नाहीत. झडतीला लागतो तेवढा वेळ तसेच उभे राहिले. मग हात खाली केला.

"हर हर महादेव!" सारं गाव गरजलं. लोक पोट धरधरून हसले.

जमादार चवताळला. त्यानं नत्थूजींच्या अंगातली बंडी धरून ओढली. "काय बोलला बे?"

"काईच नाई, साहेब."

"मंग हे हासून काऊन राह्यले? चाल ठाण्यात!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. म्हाताऱ्या माणसाला, न बोललेल्या शब्दांसाठी! आणि ते शब्द त्याला गिळायला लावले कोणी? जयवंता बायकांच्या घोळक्यातून तरातरा तोरणाखाली आली. बाईमाणसानं तिथं उभं राहायची रीत नव्हती.

"बाबाले सोडा. झडती माह्यापाशी हाय."

आणि वडिलांनी सकाळी ऐकवलेली झडती ती वर्गातल्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली,

"बैलाच्या मानंवर जू ठेवलं,
पोयाच्या दिशी देतो सोडून;
आमच्या जिभेले येसन घातली,
पोयाच्या दिशीबी ठेवते ओढून!"

या खेपेला कोणी हसलं नाही. बंडी जमादाराच्या मुठीत तशीच असताना नत्थूजी ओरडले, "हर हर महादेव!" त्यांच्यामागून सारं गाव ओरडलं.

"काय करतं वो तू?" जमादारानं विचारलं.

"वर्ध्याले कॉलेजात शिकवत होती," जयवंता म्हणाली.