सत्याच्या दिवशी जीप विकायला काढली

मित्रांनो, माझं वय विचारू नका. मी जीप आहे आणि जुनी आहे, एवढं पुरे. तरुणपणी मी महाबळेश्वरला टॅक्सी होते. पाहुणे माझ्या बॉनेटवर बसून फोटो काढत. तिथल्या पावसाने माझा तळ कुजला, तेव्हा सांगलीच्या नेमिनाथशेठनी मला घेतलं. चौदा वर्षं मी त्यांच्या हळदीची पोती वाहिली. मग नवा टेम्पो आला आणि माझ्या टपावर पापड वाळू लागले. एका जीपचा याहून मोठा अपमान तो कोणता!

शेवटी भंगारवाला मला बघून गेला. उद्या येऊन तुकडे करतो म्हणाला. त्याच्याआधी एकच गिऱ्हाईक येणार होतं : कडेगावचे धैर्यशील, लष्करात गाड्या चालवून निवृत्त झालेले. त्यांनी नाही म्हटलं की मी संपले.

शेठनी तयारी चोख केली. थंड असताना मी सुरू होत नाही, म्हणून इंजिन आधीच तापवून ठेवलं. तळाच्या भोकावर नवी चटई घातली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी, चंदनबालाकाकू, जैन मंदिरातून परतल्या.

"आवं, आज दशलक्षण पर्वातला उत्तम सत्याचा दिवस हाय. आज खोटं बोलणार न्हाई, असा नेम घेतलाय न्हवं तुमी?"

शेठचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक बोलावताना त्यांनी वार पाहिला होता, तिथी नाही. आणि धैर्यशील तर फाटकात उभे!

"शेठ, गाडी कशी हाय?"

"रिव्हर्स पडत न्हाई," शेठ म्हणाले. "घाटात तापती. चटई उचला, खालचा रस्ता दिसंल. थंड असली की चालू हुत न्हाई, मगाशी मीच तापवून ठेवलीया."

गप्प बसा हो! मी मनात ओरडत होते. परक्या माणसापुढे माझी अब्रू काढली त्यांनी.

"आजून काय?"

"तिसऱ्या गिअरला कण्हती. पर क्लच हळू सोडला की गप बसती."

धैर्यशील हसले. "दोन महिन्यांत नऊ गाड्या बघितल्या. एकीला बी काय झाल्यालं न्हवतं म्हनं! तुमाला हिचं दुखणं एवढं पाठ हाय, म्हंजी तुमी हिला लय जपलंय. दुरुस्ती माझी मी करतो. घेतली गाडी."

मी रडले असते, पण रेडिएटर आधीच गळत होता. ते सांगायचं शेठ विसरले होते.

माझं तोंड घराकडे होतं. रिव्हर्स पडेना, तेव्हा मंदिरातून परतणाऱ्या शेजाऱ्यांनी पांढरीशुभ्र धोतरं सावरत मला फाटकाबाहेर ढकललं. सगळ्यांचे हात काळे झाले. शेठ मात्र बॉनेटवरचा हात काढेनात.

"शेठ, आता काय ऱ्हायलं?" धैर्यशीलनी विचारलं.

शेठचे डोळे भरले. "एकच. हिला इकावं आसं मला वाटत न्हाई."

"आता बास करा तुमचं सत्य!" म्हणत धैर्यशीलनी मला घाईघाईने पुढे काढलं.

मित्रांनो, जुनी गाडी विकायची तर खुशाल विका. पण तिचं कुठे दुखतं, ते घेणाऱ्याच्या कानावर जरूर घाला. आणि तोवर तिच्या टपावर पापड तेवढे घालू नका.