थोरकिलच्या सत्तरीचा हार

“पातं झोपलंय असं कधी समजू नकोस, बोदिल. डोळे मिटून पडलंय, एवढंच.”

तीस वर्षांपूर्वी, विमान चालवायला शिकवायच्या पहिल्याच दिवशी, व्हिगोनं मला हे सांगितलं होतं. व्हिगो गेला, आवाज मागे राहिला. त्या रविवारी तर तो पहाटेपासून कानाशी होता.

आमच्या क्लबातल्या थोरकिलची सत्तरी होती. उडण्यासाठी लागणारा त्याचा डॉक्टरी दाखला सोमवारी संपत होता आणि नवा मिळणार नव्हता. आज उडाला तर उडाला. मग खुर्ची, खिडकी, आणि फ्यॉर्डच्या खाडीवरून जाणारी दुसऱ्यांची विमानं.

तो रविवारी उडवणार होता तेच क्लबचं विमान गुरुवारी मी उतरवलं. शेडपाशी थांबून सवयीनं किल्ली फिरवून बंद केली. इंजिननं अडखळून थांबायला हवं होतं. ते चालूच राहिलं, जणू मी नव्हतेच. पेट्रोल तोडलं तेव्हा कुठे थांबलं. मला कळलं. आत कुठली तरी तार तुटली होती. आता किल्ली काढून ठेवली तरी, विमानाच्या नाकावरचं पातं नुसतं हातानं ढकललं की इंजिन पेटू शकत होतं.

नोंदवही उघडली, पेन उघडलं. लिहिलं असतं, तर विमान उडायला बंद. मेकॅनिक येणार पंधरा दिवसांनी. मी पेन मिटलं. रविवारी पात्याजवळ मी कुणालाच फिरकू देणार नाही, असं मनाशी घोकत घरी गेले.

आणि रविवारी सकाळभर उभी राहिलेही. गवतावर दव, दोरीला कागदी झेंडे, वारा असा थांबलेला की झेंड्यांची मान खाली. “काय गं, विमानाला राखण बसलीयेस?” कुणीतरी हसलं. मीही हसले. मग कॉफीची किटली आणायला आत गेले. दोन मिनिटं, फार तर तीन.

बाहेर आले तर सगळे विमानाच्या तोंडाशी. रिग्मोरनं, म्हणजे आमचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईनं, बीच झाडाच्या कोवळ्या पानांचा हार गुपचूप गुंफून आणला होता. तो पात्याला बांधून थोरकिल त्याच्याशेजारी उभा होता, गालावर हिरवी पानं टेकलेली, नवरदेवासारखा.

“थोरकिल, पातं वाकडं दिसतंय रे! आडवं कर, फोटोत नीट यायला हवं.”

“तुझं तोंड वाकडं आहे, रिग्मोर. पात्याला कशाला नावं ठेवतेस?”

“सत्तरी झाली तरी जीभ काही थकली नाही मेल्याची! कर ना आडवं.”

थोरकिलनं काचेकडे पाहिलं. आमच्या मैदानावर एक रीत आहे. किल्ली काढून काचेमागच्या फळीवर, समोरून दिसेल अशी ठेवायची. किल्ली दिसली की पातं मेलेलं, असं इथे सगळेच मानतात. किल्ली तिथेच होती, उन्हात चमकत. त्यानं मान डोलावली आणि दोन्ही हात पात्यावर ठेवले.

मी दारातच, हातात किटली. सांगितलं तर त्याचं उड्डाण गेलं, आणि तीन दिवस मी काय लपवलं ते सगळ्यांना कळणार. नाही सांगितलं तर...

त्यानं पातं ढकललं. आत कुठेतरी “टक्” झालं. काही पेटलं नाही. पानं तेवढी थरथरली.

“अजून थोडं,” रिग्मोर एक डोळा मिटून म्हणाली.

“जोर लाव, म्हाताऱ्या!” मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानं पाय रोवले. गळ्यातला लोकरी मफलर पुढे लोंबला, पात्याला घासला.

किटली माझ्या हातून सुटली. कॉफी पायांवर सांडली, भाजलं ते नंतर कळलं.

“थोरकिल, हात काढ! मागे हो. सगळे मागे व्हा!”

“आता गं काय, बोदिल? म्हाताऱ्याच्या वाढदिवसाला ओरडतेस?” थोरकिल म्हणाला.

“ते जिवंत आहे. गुरुवारी किल्ली बंद केली तरी इंजिन चालू राहिलं होतं. मला माहीत होतं. तुला आज उडता यावं म्हणून मी वहीत लिहिलं नाही.”