लालीबाईच्या हाताचा फोटो

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. पण माझ्या नशिबी कौतुक थोडं आणि 'आंधळी' म्हणून बदनामीच जास्त आली. कुणी ऐकून घेणारं असेल तर सांगते, नाहीतरी माझ्याशी बोलायला कोण आहे?

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या कारागिरांनी मला इतकी घासली, पुसली, की माझ्यातून पाहिलं तर कापसाच्या बोंडावरची लवसुद्धा दिसावी. हातोहाती विकली जात १९५६ साली मी पांढरकवड्याच्या निजामुद्दीन फोटोवाल्याकडे आले. तो आणि त्याची बायको जैबुनबी दोघं मिळून दुकान चालवीत. तो फोटो काढी, ती कापसाच्या बोळ्याने फोटोतल्या गालांना रंग भरी. ग्राहक फोटो पाहून खूश झाला की निजामुद्दीन मला मऊ फडक्याने पुसून म्हणे, "हे माही सोन्याची काच." ऐकून मी अशी काही फुगून जायची, विचारू नका.

पण सुख लाभावं लागतं. एका पावसाळ्यात नदी ओलांडताना आमची बैलगाडी कलंडली आणि कॅमेरा पाण्यात गेला. त्याचं धड कामातून गेलं. मी तेवढी वाचले. माझ्या कंपनीचं दुसरं धड काही मिळेना. शेवटी नागपूरहून एक जुना कॅमेरा आला, तो भलत्याच कंपनीचा. लेन्स पिळून बसवायचे त्याचे आटे वेगळे, माझे वेगळे. सोयरीक जमायची कशी?

ते काम निजामुद्दीनच्या दोस्ताने, हाफिजने, अंगावर घेतलं. हाफिज कापसाच्या जिनिंग कारखान्यात लेथवर होता. त्याने पितळेची एक कडी केली, एका बाजूला माझे आटे, दुसऱ्या बाजूला त्या कॅमेऱ्याचे. काम देखणं होतं, पण कडी जाड झाली. त्याचा तरी काय दोष? जिनिंगच्या यंत्रात पातळ वस्तू टिकत नाही, म्हणून त्याचा हात जाडावरच बसलेला. "हत्ती बसला तरी हालनार नाही," असं तो म्हणाला आणि ती कडी त्याने माझ्या गळ्यात कसली. मी तत्क्षणी ओळखलं की घात झाला. कडी जाड, म्हणून मी फिल्मपासून दूर गेले, आणि हाताच्या अंतरापलीकडचं सगळं जग माझ्यापुढे विरघळून गेलं. पण मला तोंड कुठे आहे सांगायला? त्या कॅमेऱ्यात पाहायची खिडकी वेगळी होती. त्या खिडकीतून निजामुद्दीनला सगळं लख्ख दिसे.

दुसऱ्याच दिवशी देवसिंगच्या बंजारा तांड्यावर त्याच्या पोरीचं लग्न होतं. देवसिंगची बायको लालीबाई आधीच दुकानात येऊन बजावून गेली होती, "पोरगी नदीच्या पल्याड चालली, भाऊ. मले तिचं तोंड ठेवाचं हाय." पोरीचं नाव मोतीबाई. रोल वाया घालवून कडी तपासायला कुणाला सवड नव्हती.

मोहाच्या झाडाखाली वऱ्हाड उभं राहिलं. मोतीबाई मान खाली घालून रडत होती. निजामुद्दीनने बटण दाबलं आणि नेमक्या त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या बाजूने लालीबाईने हात पुढे काढला, मान वर कर म्हणून. निजामुद्दीन चिडला, पण तेवढ्यात रोल संपला होता.

फोटो धुऊन निघाले. एकाही फोटोत एकही चेहरा नाही, नुसते डाग. लालीबाई फोटो घ्यायला आली तेव्हा मोतीबाई सासरी गेलेली. त्या डागांवरून बोट फिरवीत ती म्हणाली, "यातली माही मोती कोनची?" मग ती फोटो तिथेच ठेवून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

निजामुद्दीनने तो राग माझ्यावर काढला. पाण्यात पडून काच आंधळी झाली, असं त्याने ठरवून टाकलं. हाफिजच्या कडीवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यातल्या शेवटच्या फोटोत मला गुंडाळून त्याने बिस्किटाच्या डब्यात टाकलं. पुढे नवा कॅमेरा आला, त्याची स्वतःची लेन्स होती. बाहेर लोकांची हसणी ऐकू येत आणि मी त्या डब्यात वर्षानुवर्षं पडून राहिले. अंधार मी सोसला असता हो, पण आपण आंधळे नाही हे आपल्यालाच माहीत असणं फार वाईट.

१९६४ साली एका दुपारी मोतीबाई दुकानात आली. लालीबाई तापाने गेली होती. आईचा एखादा फोटो असेल का, म्हणून ती विचारायला आली होती. निजामुद्दीनने नाही म्हणून हात जोडले. पण जैबुनबीने डबा काढला, माझ्याभोवतीचा फोटो सोडवला आणि तिच्यापुढे धरला. मागे सगळे डाग, आणि पुढे लालीबाईचा हात. पांढऱ्या बांगड्या, गोंदणाचे ठिपके, जात्याखाली सापडून वाकडी झालेली करंगळी, सगळं लख्ख.

मोतीबाईने त्या करंगळीवरून बोट फिरवलं. "याडीचा हात हाय हा," ती म्हणाली. याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. तिने तो फोटो गालाला लावला आणि हमसून हमसून रडली.

जैबुनबी नवऱ्याला म्हणाली, "पाह्यलं? जवळचं चांगलं दिसते इले. काच आंधळी नाही, कडीच जाड हाय."

हाफिजला बोलावणं गेलं. मला पुन्हा नागपूरच्या त्या जुन्या कॅमेऱ्यावर चढवून, मागचं झाकण उघडून त्यांनी फिल्मच्या जागी तेल लावलेला कागद ताणून धरला, म्हणजे मला दिसतं ते त्यावर उमटेल. हाफिज खाली मान घालून कानशीने कडी घाशी, कागदावर पाही, पुन्हा घाशी. हळूहळू समोरचा कडुनिंब पानन् पान दिसू लागला. मित्रांनो, मला काय वाटलं ते कसं सांगू?

मग मोतीबाईला दुकानासमोर उभं करून निजामुद्दीनने माझ्याकडून तिचा फोटो काढवला. तिच्या पापण्यांवरचं पाणीसुद्धा त्यात उतरलं. पण ज्या आईने तो मागितला होता, ती तो पाहायला उरली नव्हती. तो हाताचा फोटो घेऊन मोतीबाई नदीपलीकडे गेली. त्या डब्यात एवढी वर्षं तोच माझ्या सोबतीला होता.

मित्रांनो, एखाद्याला निकामी ठरवून डब्यात टाकण्याआधी त्याच्या गळ्यात आपण काय कसलंय ते एकदा पाहत जा. आणि पाहायचंच असेल तर वेळेवर पाहा. माझी कडी एका दुपारीत घासून झाली, पण लालीबाई तेवढी थांबू शकली नाही.