तीनदा उघडलेला रिपोर्ट

तिने छापील कागद कारकुनाच्या टेबलावर आपटला.

"खरं सांगा, कुणी उघडला हा रिपोर्ट?"

हॉस्पिटलच्या संगणक विभागाची ती प्रमुख. रिपोर्ट तिच्या बाबांचा होता. कागदावरच्या नोंदीप्रमाणे मंगळवारपासून तो संगणकावर तीनदा उघडला गेला होता, तिन्ही वेळा एकाच टोकनवर. रेकॉर्डचा हा कारकून त्यांच्याच इमारतीत राहायचा आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. बाबांना कॅन्सर आहे हे तिने आणि आईने महिनाभर त्यांच्यापासून दडवलं होतं. घरात म्हणायचं ते फक्त पित्त. हा मेला जिन्यात बाबांना भेटला की संपलंच सगळं!

"मॅडम, आईशपथ, मी हातसुद्धा लावलेला नाही."

"शपथा घरी घाला. सरका."

लॉगिन केलं की प्रत्येकाला एक टोकन, म्हणजे आकड्या-अक्षरांची लांबलचक ओळखखूण, मिळे. टोकन तपासणाऱ्या संगणकसेवेकडे ते पाठवलं की ते कुणाचं आणि चालू की बंद, हे क्षणात समजे. ही सेवा तिनेच उभी केली होती. त्याच्याच कीबोर्डवर तिने कागदावरचं टोकन टाकलं आणि दातओठ खात एंटर दाबलं.

उत्तर आलं. टोकन चालू. खाली तिचं स्वतःचं नाव आणि घरचा लॅपटॉप.

दर पंधरा मिनिटांनी टोकन बंद पडेल, हा नियम तिने अख्ख्या हॉस्पिटलला लावला होता. स्वतःला मात्र सात दिवसांचं टोकन देऊन टाकलं होतं; तेवढे दिवस तिचा लॅपटॉप पासवर्ड मागतच नसे. सारखा पासवर्ड कोण टाकत बसणार!

कारकुनाने कागद उचलून नीट घडी केली आणि तिच्या हातात दिला.

"चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली आणि बाहेर आली. कानशिलं अजून तापलेली होती. लॅपटॉपला हात लावू नका म्हणून बाबांना हजारदा बजावलं होतं, हजारदा! तिने घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"बाबा, माझ्या लॅपटॉपवर काय बघत होतात तुम्ही?"

पलीकडे खुर्ची सरकली. दार लोटल्याचा आवाज आला.

"ओरडू नकोस. आई स्वयंपाकघरात आहे," बाबा अगदी हळू म्हणाले. "मला कळलंय हे तिला सांगू नकोस हं. तिला झेपायचं नाही."